कन्हानपर्यंत आलेले काका

फोन मीच उचलला. पलीकडून आवाज आला, "हॅलो, घरीच आहे काय वं?" आणि मी होते तिथेच खाली बसले. आवाज बाबांचा होता, आणि बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती.

"मी तुझा काका बोलून राहिलो, बेटा," तो आवाज पुढे म्हणाला. "ओळखलं नाही काय?"

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. रामटेकजवळच्या आमच्या गावी राहतात, धानाची शेती करतात. बाबा सरकारी कचेरीत लागले आणि नागपुरात नंदनवनला घर करून राहिले. काका शेतीवर राहिले. अंतर तासा-दीड तासाचं. पण या अंतरात आमची दोन घरं हळूहळू एकमेकांपासून इतकी लांब गेली, की मी शाळेत शिकवायला लागल्यापासून काकांना भेटले ती फक्त लग्नांत, तीही पंगतीच्या गडबडीत. भांडण कधीच झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर निदान मिटवायला कोणी मध्यस्थ तरी पडला असता.

"दवाखान्यात दाखवाले येऊन राहिलो शुक्रवारी," काका म्हणाले. "तुझी काकूही आहे संगं. वहिनीले भेटाचं होतं. येऊ काय?"

काका आपल्याच भावाच्या घरी यायची परवानगी मागत होते. मी घाईघाईने "या ना, राहायलाच या" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मला आईची धास्ती वाटू लागली.

बाबा साथीने गेले नाहीत, हृदयाने गेले. पण दिवस साथीचे होते. रस्ते बंद, माणसं दारांआड. घाटावर मोजक्याच माणसांना येऊ दिलं. मी एकुलती एक, अग्नी मीच दिला. आई घरी शेजारच्या बाईंच्या खांद्यावर डोकं टेकवून बसली होती आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "भाऊजी आले का?" भाऊजी आले नाहीत. त्यांचा फोन आला तो शेजाऱ्यांनी घेतला. आईने बोलायला नकार दिला. मग रस्ते खुले झाले, बाजार भरले, लग्नं धूमधडाक्यात होऊ लागली, तरी भाऊजी आले नाहीत. आईने त्यांचं नाव टाकलं. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली तेव्हा गावी कळवू का, असं मी विचारलं होतं. "काहून?" एवढंच ती म्हणाली होती. इतकी वर्षं शहरात राहून स्वच्छ शहरी बोलणारी माझी आई फक्त रागावली की माहेरच्या बोलीत जायची.

आता काका येणार हे सांगितल्यावर तिने पाठ फिरवली. पण शुक्रवारी सकाळी तिने धुतलेलं पातळ मागितलं, आणि वडाभाताची डाळ मी जाडसर वाटली की नाही हे बोटांनी चाचपून पाहिलं.

ते दुपारी आले. मी दार उघडलं आणि क्षणभर वाटलं की फोनवर जे ऐकलं ते भलतंच होतं, कारण समोरचा माणूस बाबांसारखा अजिबात दिसत नव्हता. उन्हाने रापलेला, खांदे उतरलेले, पांढऱ्या पायजम्याचे काठ धुळीने लाल झालेले. मागे काकू, हातात उकडलेल्या शिंगाड्यांची पिशवी. बाबांना शिंगाडे आवडायचे, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

आई पलंगावर बसली होती. काका दारातूनच म्हणाले, "वहिनी, मी आलो."

आईचा चेहरा एकदम आवाजाकडे वळला. तिचा हात गळ्याशी गेला, जिथे पूर्वी मंगळसूत्र असायचं. मग तिने स्वतःला सावरलं आणि मान भिंतीकडे फिरवली.

"बसा," ती म्हणाली. "दवाखान्यात काय सांगितलं?"

"छातीत नळ्या आवळल्या म्हणते डॉक्टर. ऑपरेशन लागंल म्हणते."

"हं."

मी पाणी दिलं. काकूंनी शिंगाडे परातीत काढले. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, त्याच्या आवाजाचंसुद्धा बरं वाटलं. शेवटी आईनेच विचारलं. शहरी मराठीत नाही.

"तेव्हा काहून नाही आले तुम्ही? पाठचा भाऊ ना तुम्ही त्यांचा?"

काका खाली बघत राहिले. "चुकलं, वहिनी," ते म्हणाले.

"चुकलं काय म्हणता?" काकू एकदम म्हणाल्या. आजवर त्यांचा आवाज मी कधी नीट ऐकला नव्हता. "सांगत काहून नाही? वहिनी, हे आले होते. फोन आला अन् तसेच गाडीले किक मारून निघाले, जेवत्या ताटावरून. कन्हानच्या पुलावर अडवलं. पास नाही म्हणून वापस जा म्हणे. हात जोडले यांनी, भाऊ गेला म्हणून सांगितलं. तिथं रोज शंभर लोक तेच सांगत होते, कोण आयकणार? मंग हे खाली नदीवर उतरले. इकडे दादाले घाटावर नेलं असंल तेव्हा हे तिकडे पाण्यात उभे होते. ओल्या कपड्यानं घरी आले संध्याकाळी. न्हाव्याची दुकानं बंद. मले म्हणे, तू काप. मी शिलाईच्या कैचीनं डोकं भादरलं यांचं. कुठं कापलं, कुठं राहिलं, दोन जागी रक्तही निघालं."

"बस झालं," काका पुटपुटले.

"नाही झालं. महिनाभर टोपी घालून हिंडले वावरात."

आईचा चेहरा आता भिंतीकडे नव्हता. "मंग सांगितलं काहून नाही?" ती हळूच म्हणाली.

"काय सांगू, वहिनी? पुलापर्यंत आलो अन् वापस गेलो, हे काय सांगाची गोष्ट आहे?" काकांनी उपरण्याने तोंड पुसलं. "मंग रस्ते खुलले तर वाटे, तेव्हा नाही गेलो, आता कोणत्या तोंडानं जाऊ. पुढच्या महिन्यात जाऊ, पुढच्या महिन्यात जाऊ. वर्ष गेलं. मंग तर अजूनच जड झालं. आता दादा गेला तेव्हाचं त्याचं वय मले लागलं. गावच्या डॉक्टरनं छातीचं सांगितलं तेव्हा पहिले तुम्हीच आठवले."

आई सून होऊन त्या घरी गेली तेव्हा काका शाळेत जाणारं पोर होते. त्यांच्या डोक्याला तेल लावणं, गणितं चुकली म्हणून वडिलांच्या मारापासून वाचवणं, हे सगळं तिनेच केलेलं. हे मला बाबांनी कधीतरी सांगितलं होतं. आता तिने हात पुढे केला आणि हवेत चाचपला. काका पलंगापाशी जाऊन खाली बसले. तिचा हात त्यांच्या डोक्यावर पडला. बराच वेळ ती बोटांनी केस चाचपत राहिली, कानामागे, मानेवर, जणू त्या कैचीचे वण शोधत होती.

"केस आले बरोबर," ती म्हणाली. तेव्हा काका रडले. मोठ्याने नाही, पण त्यांची पाठ हलत होती. काकूही पदर तोंडाला लावून बसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन वडाभातावर फोडणी घालत राहिले, लागते त्याहून जास्त.

ती दोघं दोन दिवस राहिली. काका बोलके होते: धानाचा भाव, वानरांचा उच्छाद, गावातल्या कोणाचं काय झालं, सगळं सांगत. आई ऐकत बसायची. मला वाटायचं, तिला त्या आवाजाचं काय होत असेल? विचारायचा धीर होत नव्हता. ते गेल्यावर तिने आपणहून सांगितलं. "आवाज सारखा आहे. पण तुझे बाबा इतकं बोलले असते तर मला कधी राग आला नसता त्यांचा." आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच ती त्यांच्याविषयी तक्रार करू लागली: कसे घुमे होते, कसं काही सांगत नसत. मी ऐकत राहिले. अशी तक्रार करायला आपला माणूस थोडा तरी जवळ आलेला असावा लागतो.

काकांचं ऑपरेशन त्या हिवाळ्यात झालं. दवाखान्यातून ते आमच्याकडेच आले आणि टाके सुकेपर्यंत राहिले. मग मी आईला घेऊन त्यांच्या गावी गेले. तिथे सगळं काही गोड झालं असं नाही. काकांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, आमच्याशी मोजकंच बोलला. त्याच्या बायकोने पाहुण्यांसाठीची वेगळी कपबशी काढली. आम्ही तिथे पाहुणेच होतो. चुकीचं नव्हतं ते. एका भेटीत तेवढंच होणार.

निघताना आई म्हणाली, "मी राहते थोडी." मी काही म्हणायच्या आत काकूंनी तिची पिशवी आत नेली.

चुलतभाऊ मला मोटरसायकलवरून बसस्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत धानाची कापणी झालेली शेतं होती, तणसाचे, भाताच्या पेंढ्याचे ढीग होते. बस लागली तेव्हा तो म्हणाला, "मोठ्या आईले राहू दे, ताई. दोघं संगं जेवाले बसले की बाबा दोन घास जास्त खातात."

मी त्याला म्हटलं, "तू येत जा घरी. कळमन्याच्या बाजारात येतोस ना माल घेऊन?"

"येतो," तो म्हणाला. "पण बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यातूनच वापस गेलो होतो. घर कुठं आहे ते माहीत नाही मले."

मी त्याला पत्ता समजावून सांगितला. नंदनवनचा चौक, पाण्याची टाकी, डावीकडची गल्ली. कंडक्टर घाई करत होता, तरी त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकदा मला म्हणून दाखवलं.