काळकाईचा डावा कौल

"देवीला विचारून सांगतो," असं मी म्हणालो तेव्हा डॉक्टर फाइलमधून मान वर काढून माझ्याकडे बघतच राहिले. माझ्या मोठ्या बहिणीची, ताईची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि तिच्याशी जुळलो तो मी एकटा. मी एक मूत्रपिंड दिलं तर ती जगण्याची आशा होती. बायको म्हणाली, द्या. मुलगी म्हणाली, बाबा, द्या. ताई मात्र म्हणाली, "बाला, तुझ्या मनात नसंल तर नको देऊस रं. मी काय रागवायची नाय." आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. ताईने शाळा सोडली आणि मिठागरात कामाला लागली. तिच्या पायांना चिरा पडायच्या, त्यांत मीठ जायचं, आणि घरी आली की ती पाय लुगड्याखाली लपवून मला भरवायला बसायची. अशा बहिणीला हो म्हणायला मला देवीची परवानगी कशाला हवी होती? खरं सांगतो, मी भ्यालो होतो. उरणला माझे ट्रेलर चालतात, बंदराच्या रस्त्यावर मी भल्याभल्यांशी दोन हात करतो, पण सुई पाहिली की मला दरदरून घाम फुटतो. आणि हे तोंडाने कबूल करायची लाज वाटली, म्हणून मी देवीला पुढे केलं.

ही देवी म्हणजे आईच्या माहेरची काळकाई. तळा गावापासून थोडं आत, नदीकाठच्या देवराईत तिचं ठाणं आहे. आईकडची माणसं लग्न, घर, आजार, कशाचाही निर्णय तिचा कौल घेतल्याशिवाय करत नाहीत. मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला गुरव एकेक ओली पाकळी चिकटवतो, आपला प्रश्न मोठ्याने सांगतो आणि सगळे गप्प बसून राहतात. उजवी पाकळी आधी गळाली तर हो, डावी गळाली तर नाही. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं आणि मुलीने त्यासाठी सायकल घेऊन दिली होती. ती टेम्पोत टाकून तळ्यापर्यंत आणली आणि पुढे एकटाच निघालो. देवीला दाखवायला तेवढेच कष्ट.

गाव मागे पडलं की नदीला धरून जाणारा वनखात्याचा जुना कच्चा रस्ता लागतो. मधली एक मोरी खचल्यापासून त्यावर मोठी गाडी जात नाही. आम्हीच कंटेनर ओढून उरणच्या माणसांचं जगणं हराम केलंय, आणि त्याच मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा कळलं की हॉर्न नसलेली सकाळ कशी असते. पाऊस संपून महिना झाला होता. नदीवर धुकं होतं, आणि ते उचललं जात नव्हतं, नुसतं इकडून तिकडे सरकत होतं. ऐन आणि किंजळाच्या खोडांमधून ऊन तिरपं येऊन रस्त्यावर पडायचं, मी त्यातून जायचो, पुन्हा सावलीत शिरायचो. वर कधीतरी तळगडाचा बुरूज दिसायचा आणि पुढच्या वळणावर नाहीसा व्हायचा. किती वेळ पायडल मारत होतो कोण जाणे. एकदा वाटलं, पुढच्या दांडीवर ताई बसली आहे, परकर सावरून, दहा-बारा वर्षांची. मी दचकलोही नाही. तशीच तिला घेऊन चाललो होतो. मग चाक एका दगडावर आपटलं आणि दांडी रिकामी दिसली.

देवराईत पोचलो तर गुरव नव्हता. त्याची बायको ठाण्यापुढचा पाचोळा झाडत होती. "ते तळ्याला गेल्यात, दुपारपर्यंत येतील. बसा जरा, च्या टाकते," ती म्हणाली. मला थांबायचं नव्हतं. मी म्हणालो, मीच लावतो कौल. तिने झाडू खाली ठेवला. "आपल्या हातानं कौल लावीत न्हाईत, दादा. आजपातूर कुणी लावला न्हाय." तरी मी ताटातल्या तगरीच्या दोन पाकळ्या उचलल्या. आणि आता जे लिहितो आहे ते लिहिताना माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटत नाही. उजवी पाकळी मी पाण्यात निथळती भिजवली आणि अंगठ्याने दगडाच्या खोबणीत दाबून बसवली. डावीला नुसता ओला हात लावला आणि कशीबशी टेकवली. मग हात जोडून विचारलं, आई, ताईला मूत्रपिंड देऊ का? माझा प्रश्न संपायच्या आत डावी खाली आली.

मला हवं होतं तेच मिळालं होतं. पण हायसं काही वाटलं नाही. काळकाईचे चांदीचे डोळे समोर होते. त्यांत राग असता तर बरं झालं असतं. गुरवाच्या बायकोने सगळं पाहिलं होतं. पडलेली पाकळी उचलून तिने माझ्या हातावर ठेवली. "घ्या. कसा बी असला तरी आईचाच परसाद हाय."

परतायचं सोडून मी नदीबरोबर खालच्या अंगाला जात राहिलो. घरी जाऊन ताईच्या तोंडाकडे बघायचं धाडस नव्हतं. धुकं विरलं होतं, पण मला सगळं धुक्यातूनच दिसत होतं. नदी रुंद होत गेली, पाण्याला खाडीचा वास यायला लागला, रस्ता रानातून चढत गेला आणि संपला तो कुड्याच्या बौद्ध लेण्यांपाशी. मामाकडे यायचो तेव्हा लहानपणी कधीतरी आलो होतो, पुढे आठवणही राहिली नव्हती. तहान लागली होती. सायकल झाडाला टेकवून पहिल्या लेण्याच्या ओसरीत बसलो तो बसलोच.

आत कोणीतरी झाडत होतं. पांढरा शर्ट घातलेले, साठी ओलांडलेले एक गृहस्थ बाहेर आले. "जय भीम," ते म्हणाले. मी "राम राम" म्हणालो. माझ्याकडे एकदा नीट पाहून त्यांनी काही न विचारता पाण्याची बाटली आणि गुळाचा खडा पुढे केला. निवृत्त शिक्षक होते, जवळच्याच गावचे. दर रविवारी येऊन बुद्धांसमोरची जागा झाडून जातात, असं म्हणाले. माझ्या अंगात जरा जीव आल्यावर ते मला भिंतीपाशी घेऊन गेले आणि मोबाइलच्या उजेडात दगडातली अक्षरं दाखवायला लागले. मला ती कोंबडीने उकरल्यासारखी दिसत होती. ते मात्र बोट अधांतरी धरून, शेजाऱ्यांची ओळख करून द्यावी तसे सांगत होते. हा माळी, फुलं विकणारा, ह्याने हे लेणं दिलं. पलीकडच्या लेण्यावर नाव आहे तो लोखंडाचा व्यापारी. इथे एक वैद्यसुद्धा आहे. "दोन हजार वर्षं होत आली. राजे कमी, आपल्यासारखीच माणसं जास्त. सगळ्यांनी दिलेलं आहे हे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुजी, एवढं द्यायचं म्हणजे त्यांनी आधी कोणाला तरी विचारलंच असेल ना?"

ते हसले. माझ्या मनात काय चाललंय हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. "विचारलंही असेल. घाबरलेही असतील, बायकोशी भांडलेही असतील. पण ते कोरलेलं नाही हो. नाव, धंदा आणि दान, एवढंच उरलंय." मग त्यांनी मोबाइल बंद केला आणि पुन्हा झाडायला लागले.

मी तिथे उभ्या उभ्या रडलो. गुरुजींनी पाहिलं असेल, पण झाडूचा आवाज थांबला नाही. लेण्यांच्या पायऱ्यांवर फोनला रेंज होती. ताईला फोन लावला. "काय रं, काळकाईनं काय सांगितलं?" तिने विचारलं. मी म्हणालो, "डावा दिला. पण मीच पाडला तो, ताई. मला भीती वाटत होती." ती हसायलाच लागली. "मना काय ठाऊक नाय व्हय? टोचायला नर्सबाई आली का तू पेंढ्यात जाऊन लपायचास. काय खाल्लंस का नाय सकाळपासून?" मी म्हणालो, "ताई, मी देतोय." त्यावर ती हसायची थांबली.

येताना पुन्हा देवराईत थांबलो. गुरव आला होता, बायकोने त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं. रागवला नाही. "रीतसर लावू का आता?" म्हणाला. मी म्हणालो, नको, विचारायला नाही आलो, सांगायला आलो आहे. त्याने मान हलवली आणि माझ्या वतीने देवीला गाऱ्हाणं घातलं, की ह्या लेकराला बळ दे. आयुष्यात पहिल्यांदा मी देवीपुढे काही न मागता, नुसता पालथा पडून राहिलो.

ऑपरेशनच्या दिवशी भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. सुई पाहून घाम फुटलाच. पण स्ट्रेचरवर पडल्यावर मनातला सगळा हिशेब, माझं काय होईल, गाड्यांचं काय होईल, आपोआप सुटला. मी फक्त एवढंच म्हणालो, आई, तुझंच आहे, घे. माझ्या लबाडीचा कौल तिने मुकाट्याने दिला आणि मग कोणाच्या तरी हाती झाडू देऊन मला वाटेत अडवलं, असं मला वाटतं. तुम्हाला योगायोग वाटला तर तेही बरोबर असेल. मला एवढंच कळलं की देवाला प्रश्न विचारत राहणं ही माझी भक्ती नव्हती, ती माझी पळवाट होती. ती वाट तिने बंद केली, हे तिचे उपकार.

ताई सुधारते आहे. डायलिसिसवर होती तेव्हा तिला दिवसाचं पाणी मोजून मिळायचं, उन्हाळ्यात ती बर्फाचा तुकडा जिभेवर धरून बसायची. परवा मी तिच्याकडे गेलो तर ती ओटीवर उभी होती. माठातून तांब्या भरून घेतला, माझ्याकडे बघत तोंडाला लावला, आणि थेंब न सांडता पूर्ण रिकामा केला. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "अजून एक ओत रं."