मदतीचे छत्तीस हप्ते

पगारबाईंबद्दल चांगलं बोलणारी माणसं आमच्या कारखान्यात आजही पायलीला पन्नास सापडतील. वाईट बोलणारी एकच आहे, आणि तिचं म्हणणं खरं आहे. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण मधला उद्योग माझा होता.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. खाली कापायची यंत्रं, त्यांच्यामागे चिकटवणीचं लांब टेबल, आणि लोखंडी जिन्याने वर गेलं की पगाराची खोली. खोली म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि कामगारांशी बोलायला हातभर रुंदीची खिडकी. खळीचा वास जिना चढून वर यायचा. जेवणाचा डबा उघडला तरी नाकात आधी तोच शिरायचा. बाई त्या खोलीत बावीस वर्षं बसल्या. त्यांना नाव होतं, पण हजेरीपटाबाहेर ते कुणी वापरलं नाही.

त्या लागल्या तेव्हा पगार जाडजूड वहीत व्हायचा. संगणक आला आणि जुन्या कारकुनांनी कानांवर हात ठेवले. बाई मात्र सहा रविवार पदरचे पैसे घालून क्लासला गेल्या आणि एकशे चाळीस माणसांचा पगार एका शीटमध्ये बसवून मोकळ्या झाल्या. एका ओळीत एक माणूस: हजर दिवस, जादा तास, उचल, कपात आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. मी त्रेचाळिसाव्या वर्षी, आधीची कंपनी बुडाल्यावर, त्यांच्या हाताखाली हिशेबनीस म्हणून आलो. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "हिशेबनीस, या शीटला हात लावायचा तर आधी मला विचारायचं. दिसायला साधी आहे, पण आत माणसं आहेत." मला वाटलं, बाईमाणूस आहे, बोलायची पद्धत असते एकेकाची.

खिडकीवर त्यांचा आणखी एक धंदा चालायचा, फुकटचा. कुणी दुचाकीसाठी, कुणी पत्र्यासाठी कर्ज काढायचा आणि सही करण्याआधी कागद घेऊन वर यायचा. बाई रक्कम, महिने आणि हप्ता तीन सेलमध्ये टाकायच्या. चौथ्या सेलमधला फॉर्म्युला खरं व्याज सांगायचा.

"दादा, हे दहा टक्के नाहीत. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार, पण हा गृहस्थ शेवटपर्यंत पहिल्या दिवसाच्या रकमेवरच व्याज लावणार. खरं व्याज अठराच्या घरात जातं."

"पण बाई, त्याने तर दहा लिहिलंय."

"लिहायला काय, मीसुद्धा माझं वजन पन्नास किलो लिहीन."

माणूस हसत जिना उतरायचा आणि बहुतेक वेळा सही न करता घरी जायचा. किती घरं त्या खिडकीवर वाचली याचा हिशेब कुठल्याच शीटमध्ये नाही.

त्यांचं स्वतःचं कर्ज कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. दोन खोल्यांच्या घराचा हप्त्यांचा तक्ता. यजमानांची नजर गेली, त्यांचं घड्याळदुरुस्तीचं काम सुटलं, तेव्हापासून एकटीचा पगार. दर महिन्याला बाई कपाट उघडून एक ओळ खोडायच्या. निवृत्तीची रक्कम आली की उरलेल्या सगळ्या ओळी एकदम खोडायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढं एकच सुख त्यांनी पुढे काढून ठेवलं होतं.

आता उशिराचा नियम. तो धाकट्या साहेबांनी आणला, वडिलांनी कारभार हाती दिल्याच्या पहिल्याच महिन्यात. पाच मिनिटांच्या वर उशीर झाला की एक खूण. तीन खुणा झाल्या की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. बाईंनी तसा फॉर्म्युला लिहिला आणि एकशे चाळीस ओळींत उतरवला.

चिकटवणीच्या टेबलावर एक बाई होती, तिला सगळे खळवाली म्हणत. हात इतका साफ की तिच्या खोक्याची कड कधी सुटायची नाही. तिच्या मुलीला चालता येत नव्हतं. तशा मुलांची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, फाटक साडेआठला उघडायचं, आणि आमचं हजेरीचं यंत्रही साडेआठलाच. पोरीला आत सोडून धावत आली तरी खळवालीला रोज आठ पन्नास व्हायचे. संध्याकाळी पाचला टेबल रिकामं झालं तरी ती साडेपाचपर्यंत एकटी चिकटवत बसायची. वीस मिनिटं उशीर, तीस मिनिटं जास्त. वेळ बदलून द्या म्हणून तिने मुकादमाकडे अर्ज दिला. मुकादम म्हणाला, एकीला दिलं की सगळ्या मागतील. महिन्याचे सव्वीस दिवस, सव्वीस खुणा, त्यांचे आठ अर्धे दिवस. म्हणजे दर महिन्याला पुरे चार दिवस कापले जायचे.

तीन महिने बाईंनी ते कापले. चौथ्या महिन्यात त्यांनी तिच्या ओळीतला फॉर्म्युला बदलला. बिल्ला क्रमांक एकशे सतरा असेल तर कपात शून्य, नसेल तर नेहमीप्रमाणे. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलंही नाही. खळवालीलासुद्धा नाही. तिला वाटलं, अर्ज मंजूर झाला.

हे चार वर्षं चाललं. वेगळ्या फॉर्म्युल्याच्या सेलला कोपऱ्यात एक बारीक हिरवा त्रिकोण येतो. शेजारच्यांसारखा हा नाही, एवढंच शीट आपल्याला सांगते. बाई रोज तो त्रिकोण बघायच्या आणि सोडून द्यायच्या.

मग बाई आठ दिवस रजेवर गेल्या, यजमानांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. त्या महिन्याचा पगार माझ्याकडे आला. मी टापटिपीचा माणूस, टेबलावर पेन्सिलसुद्धा तिरकी ठेवत नाही. एवढ्या स्वच्छ शीटमध्ये एक हिरवा त्रिकोण माझ्या डोळ्यांत खुपला. त्यावर टिचकी मारली तर पर्याय आला: वरचा फॉर्म्युला उतरवून घ्या. घेतला. त्रिकोण गेला. काय लिहिलं होतं ते मी वाचलंसुद्धा नाही. बाईंना फोन करावा असंही मनात आलं नाही, उलट त्या आल्यावर शाबासकी देतील असं वाटलं. माझ्या अकलेचं हे माप कुणाला हवं असेल तर देऊन ठेवतो.

पगाराच्या दिवशी खळवाली खिडकीवर आली. हातात पावती.

"साहेब, चार दिवस कमी आहेत माझे."

"उशीर आहे तुझा. सव्वीस वेळा."

"मी तास भरते. संध्याकाळी थांबते. चार वर्षं पूर्ण पगार येतोय, आताच काय झालं?"

मी म्हणालो, असं होणं शक्य नाही. ती म्हणाली, पावत्या आहेत. आमचा आवाज वाढला, आणि नेमके धाकटे साहेब जिना चढून येत होते. दुसऱ्या दिवशी तिने पिशवी भरून पावत्या आणल्या, सगळ्या महिन्याच्या क्रमाने लावलेल्या. आपली बाजू खरी आहे हे दाखवायला तिने स्वतःच्याच विरुद्धचा पुरावा साहेबांच्या टेबलावर ठेवला.

बाई रजेवरून आल्या त्या सरळ केबिनमध्ये. मला शीटची जुनी प्रत उघडून दाखवायला उभं केलं होतं. साहेबांनी फॉर्म्युला मोठ्याने वाचला. एकशे सतरा हा आकडा त्यात ढळढळीत होता. आकडा चुकून पडत नाही. कुणीतरी मुद्दाम लिहावा लागतो. हे साहेबांना कळत होतं, मला कळत होतं, दाराशी उभ्या मुकादमालाही कळत होतं.

साहेब आवाज न चढवता बोलले. त्यांचा तोच गुण वाईट. "बाई, हे दोन प्रकारे मांडता येतं. तुम्ही जाणूनबुजून केलं असेल तर तो गैरव्यवहार. मग आजच नोकरी संपली आणि निवृत्तीचे पैसेही विसरा. फॉर्म्युल्यात चूक झाली असेल तर ती चूक. मग जिला जास्त गेले तिच्याकडून वसूल करू, स्टाफच्या कर्जासारखे, हप्त्याने. सात महिने राहिलेत ना तुमचे? काय लिहू?"

बाई टेबलाच्या कडेकडे बघत राहिल्या. मी मनात म्हणत होतो, बोला. तुम्ही खिडकीवर सगळ्यांना बोलायला शिकवलंत, आता बोला. आणि माझ्या स्वतःच्या तोंडात मूग होते. तिने तास भरलेत, यंत्रात बाहेर पडायची वेळ आहे, एवढं एक वाक्य मीही म्हणू शकलो असतो. माझीही नोकरी होती.

"चूक झाली," बाई म्हणाल्या.

त्यांनी तसं लिहून दिलं. अक्षर नेहमीसारखंच गोल होतं.

वसुलीचा तक्ता मला करायला सांगितला. महिन्याला चार दिवस, चार वर्षांचे एकशे ब्याण्णव दिवस. शाळेच्या सुट्ट्यांत ती वेळेवर यायची, पण जुन्या हजेऱ्या कोण काढत बसणार म्हणून साहेबांनी सरसकट धरले. वर दहा टक्के व्याज, छत्तीस हप्ते. व्याज पूर्ण रकमेवर, शेवटपर्यंत.

बाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, हे दहा नाहीत. अठरा होतात."

"तुम्ही आता हिशेबात लक्ष घालू नका," साहेब म्हणाले.

हप्ता जवळपास सात दिवसांच्या पगाराचा आला. उशिराचे चार दिवस पुन्हा सुरू झालेच होते. म्हणजे खळवालीने सव्वीस दिवस राबायचं आणि पंधरा दिवसांचा पगार घरी न्यायचा. तिला वर बोलावलं. साहेब म्हणाले, सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. तिने कागद दोनदा वाचला. मग बाईंकडे वळली.

"बाई, हे तुम्ही केलं होतं?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मग मला सांगायचं तरी. मी दुसरीकडे काम बघितलं असतं. चार वर्षांपूर्वी मिळालंही असतं."

तिने सही केली. चिकटवणीच्या टेबलावर त्या दिवशीही तिच्या खोक्यांच्या कडा सुटल्या नाहीत. मात्र कारखान्यात कुजबुज सुरू झाली, की खळवालीने चार वर्षं फुकटचा पगार खाल्ला. पगारबाई बिचाऱ्या साध्या, त्यांच्याकडून चूक झाली. ज्यांची घरं खिडकीवर वाचली होती तेच हे बोलत होते, आणि बाई खाली मान घालून ऐकत होत्या. मला त्यांचा राग यायचा. मग रात्री घरी आरशासमोर तोंड धुताना तो राग कुणाचा कुणावर आहे ते कळायचं.

सात महिन्यांनी बाई निवृत्त झाल्या. भिंतीवरचं घड्याळ मिळालं, भाषणं झाली, पूर्ण पैसे मिळाले. कपाटातला तक्ता त्यांनी सोलून काढला, पण ओळी खोडल्या नाहीत. घडी करून पर्समध्ये टाकला.

पुढच्या पगाराच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला त्या फाटकाशी उभ्या दिसल्या. मी निघालोच होतो. त्यांच्या हातात पाकीट होतं. खळवाली शेवटची बाहेर आली, बोटांवर वाळलेली खळ सोलत.

"अगं, थांब जरा. हे ठेव. दर महिन्याला आणून देईन, संपेपर्यंत. कुणाला कळणार नाही."

खळवालीने पाकिटाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"बाई, तुमची एक मदत मी अजून फेडतेय," ती म्हणाली. "दुसरी नको."

ती पोरीला आणायला भरभर चालत गेली. बाईंनी पाकीट परत पर्समध्ये ठेवलं.

"किती राहिले हो?" त्यांनी विचारलं. त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"अठ्ठावीस."

शीट आता माझ्याकडे आहे. शाळा सुरू असली की दर महिन्याला एकशे सतराच्या ओळीत उशीर सव्वीस येतो, कपात चार दिवस, हप्ता सात दिवस, हातात पंधरा. फॉर्म्युले वरपासून खालपर्यंत सगळे एकसारखे आहेत. हिरवा त्रिकोण कुठेही नाही. लिहायचा कसा ते मला येतं. मी लिहिलेला नाही.