कोयत्यावरचा ठसा

ती घटना आठवली की आजही मला आधी माझाच राग येतो. एका निरपराध माणसाला मी दिवसभर ठाण्याच्या बाकड्यावर बसवून ठेवलं होतं.

तेव्हा मी केज तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. सहकारी कारखान्यांचे हंगाम तोंडावर आले होते आणि गावंच्या गावं ऊसतोडीला निघायच्या तयारीत होती. आमच्या हद्दीत एका वृद्ध कारागिराचा कोयत्यांचा कारखाना होता. पात्यावरचा त्याचा ठसा पाहूनच टोळ्या कोयता घेत. तो आठ दिवस दवाखान्यात राहून परतला, तर तो उमटवायचा पोलादी ठसाच गायब! त्याचा संशय भट्टीवरच्या जुन्या कामगारावर होता.

अर्ज घेताना मी सहज विचारलं, "तुमच्या मागं हा धंदा कोण बघणार?"

म्हातारा भडकला. "आजून जित्ता हाय मी, सायेब!"

दोन दिवसांनी एका मुकादमानं खबर दिली, की युसूफ वडगाव या गावच्या बाजारात त्याच ठशाचे नवे कोयते आलेत. आम्ही ते जप्त केले. विकणारी म्हातारी काही केल्या नाव सांगेना. मग मी कामगाराला उचलला आणि चांगला दरडावला. तो बिचारा एकच सांगत राहिला, "मी ठशाला हात लावला न्हाई."

संध्याकाळी कारागिराला जप्तीचा माल दाखवला. त्यानं पातं खिळ्यानं वाजवलं आणि धारेवर नख फिरवलं. "ह्याला पाणी माझ्या पद्धतीनं दिलंय. पर मी दिलं न्हाई."

"ती पद्धत आणखी कोणाला येते?"

"कुणालाच न्हाई."

बाकड्यावरून कामगार बोलला, "तापलं पातं बुडवून पाणी देताना मामा आमाला समद्यांला भाईर काढत्यात, सायेब. भाता मारायला सूनबाई तेवढी आत आसती."

माझं डोकं तेव्हा कुठे चालू लागलं. कामगाराची माफी मागून त्याला घरी पाठवलं आणि सुनेला जबाबासाठी बोलावलं. तिनं पदरातून ठसा काढून टेबलावर ठेवला.

"मीच घेतला. मामा दवाखान्यात गेलते तवा रातीची एकटीनं भट्टी पेटवली. भट्टी बंद पडली आसती तर आमाला बी ऊस तोडाया जावं लागलं आसतं. शिकवा म्हणलं तर म्हणत्यात, पोरगा येईल. आमच्या ह्यांनी पुण्यात टेम्पो घेतलाय, ते काय येत न्हाईत. कोयते खपले की सांगणारच होते."

म्हाताऱ्यानं ठसा उचलून हातात घेतला आणि विचारलं, "पाण्यात बुडवताना तापल्या पात्याचा रंग कंचा धरलास?"

"पिकल्या बोराचा."

त्याचे डोळे भरून आले. "पोराला घर. भट्टी आन् ठसा हिच्या नावानं. कुठं लिहायचं, सायेब?"

ठाण्यात मृत्युपत्र लिहीत नाहीत, पण वकिलाचा पत्ता मी आनंदानं दिला. तक्रार नाही असा त्याचा जबाब घेऊन अर्ज निकाली काढला.

वारस शोधताना माणूस लांब बघत बसतो आणि शेजारी राबणारं माणूस त्याला दिसत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. घरी आल्या आल्या बायकोला समोर बसवलं आणि मोठ्या गांभीर्यानं माझी विमा पॉलिसी, पासबुकं कुठे आहेत ते समजावू लागलो.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "पॉलिसी तिथं नाही. चार वर्षं हप्ता मीच भरतेय."