खाली घेतलेला ओटा

नव्या इमारतीच्या खिडकीतून आमच्या थेरपीच्या मॅडम दिसल्या आणि माझे पायच थांबले. दवाखान्यात माझ्या लेकीचे, परीचे, कडक हात धरून तिला चमचा उचलायला शिकवणाऱ्या मॅडम इथं टेप घेऊन मिस्त्रीला सांगत होत्या, "दादा, ओटा अजून खाली घ्या. चाकाच्या खुर्चीतल्या आजींचा हात पोचायला हवा."

मला बघून खिडकीशी आल्या. "दवाखाना सोडला गं. आता म्हाताऱ्या माणसांची घरं अशी करून देते. परी बटणं लावते का?"

"लावते की," मी म्हणाले. खोटंच. घाई असते, ती रडते, मग मीच लावून टाकते.

वाटभर वाटत राहिलं, त्या आजीचं बरंच झालं, हातानं चहा करून पिईल बिचारी, पण आता माझं चुकलं तर मला रागवणार कोण?

घरी मॅडम सांगायच्या तसे, मधे मदत करायला नको म्हणून माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून परीसमोर बसले. लई वेळ गेला. तिनं वरचं बटण खालच्या काजात घातलं आणि माझ्याकडं बघितलं. मी ते काढलं नाही. बरोबर केलं का, विचारायला घरात कुणी नव्हतं.