अक्कांच्या नावावरचे ढेकूण

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या ज्या खोलीत मी आजही राहते, ती माझ्याकडे राहिली ती शेजारच्या अक्कांमुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या उन्हाळ्यात मी अक्कांबद्दल काय काय मनात आणलं ते पुढे येणारच आहे, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की ही बाई उपकार विसरली. विसरलेली नाही. पण तेव्हा माझा कुणावरच भरवसा नव्हता, आणि अक्कांवर तर मुळीच नव्हता.

मी कोकणातली. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नवरा ट्रकवर, त्याचे मालक जळगावचे, म्हणून लग्नानंतर इकडे आले. तो पंधरा-पंधरा दिवस सुरतेच्या रस्त्याला असतो. मी एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. स्वतःचं काम आणि स्वतःच्या हातात खोलीची चावी, या दोन्ही गोष्टी मला आयुष्यात पहिल्यांदा जळगावात मिळाल्या.

घरमालकीणबाई खाली राहतात. त्यांना आम्ही सगळ्या भाडेकरणी भाभी म्हणतो. खोली देताना त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली होती. ‘‘ढेकूण झाले तर त्याच आठवड्यात खोली खाली करायची. मागच्या भाडेकरूंनी आणले, चारही खोल्यांत पसरले. आता मी कुणाचं ऐकत नाही.’’ नवऱ्याने मान डोलावली आणि जिना उतरताना मला म्हणाला, ‘‘ही खोली गेली तर दुसरी शोधायला मला सवड नाही. तू गावी जा, मी गाडीत झोपेन.’’ तो सहज बोलला, पण ते माझ्या मनात बसलं.

आणि एप्रिलमध्ये माझ्या दंडावर एका ओळीत तीन गांधी उठल्या.

पहिल्यांदा डास म्हटलं. मग चादरीवर शाईच्या टिंबासारखे काळे डाग दिसले. उशीच्या शिवणीत बोट घातलं तर एक चपटा, तांबूस जीव बोटावर आला. चिरडला तर तो वास! तो एकदा नाकात गेला की माणूस विसरत नाही. मी दार लावून घेतलं. कुणी पाहिलं तर नाही, हेच आधी मनात आलं.

त्या दिवसापासून मी हिशेब मांडत बसले, की आणले कुणी? कारखान्यात शेजारी बसणारी बाई सारखी मान खाजवायची, मी तिच्यापासून हातभर सरकून बसायला लागले. शेअर रिक्षाची फाटकी सीट मला तपासून बघावीशी वाटायची. नवरा आला की त्याचं घोंगडं गॅलरीतच झटकायला लावायची. तो चिडायचा, ‘‘मी काय रस्त्यावरून रोग गोळा करत फिरतो का गं?’’ मी मनात म्हणायची, फिरतच असशील.

एका सकाळी नळावर अक्कांनी माझा दंड पाहिला. अक्का शिरपूरकडच्या, साठीच्या, एकट्या राहतात. इथे सगळ्यांत जुन्या भाडेकरू त्याच. माझ्याशी शाळेतल्यासारखी मराठी बोलतात, पण राग आला किंवा जीव लागला की अहिराणीवर येतात.

‘‘काय व्हयनं व माय? ढेकूण चावले का?’’

‘‘छे हो अक्का, घामोळ्या आहेत. आमच्याकडे समुद्राचा वारा असतो, इथलं ऊन सोसत नाही मला.’’

‘‘घामोळ्या रांगेत उठतात का?’’

मी हसले आणि बादली उचलून निघाले. बादली अर्धीच भरली होती.

दोन दिवसांनी जिन्यात ऐकलं, अक्का भाभींना विचारत होत्या, ‘‘वरती एखादी खोली रिकामी होईल का हो जूनपर्यंत? भाची कॉलेजला येतेय.’’ झालं. माझ्या डोक्यात सगळं जुळलं. हिला खोली हवी. हिने रांगेच्या गांधी ओळखल्या, म्हणजे हिला ढेकणांची माहिती. माझी जादा चावी हिच्याचकडे, कारण पाण्याचा टँकर आला तर माझी टाकी तीच भरते. आणि कालच मी कामावरून आले तेव्हा दिवाण भिंतीपासून वीतभर सरकलेला होता. हिनेच आणून सोडले! काडेपेटीतून ढेकूण सोडणारी म्हातारी मला डोळ्यांसमोर दिसायला लागली. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मी शपथेवर सांगितलं असतं.

मी पाळत ठेवली. कामावर जाताना दाराच्या आत फरशीवर पावडर भुरभुरून ठेवली. संध्याकाळी बघते तर अनवाणी पावलं थेट दिवाणापर्यंत गेलेली. दिवाण आणखी पुढे ओढलेला, आणि चारही पायांखाली माझ्याच घरातल्या वाट्या, त्यांत साबणाचं पाणी. मला वाटलं, ही करणी आहे. वाट्या धुऊन फळीवर ठेवल्या आणि दिवाण परत भिंतीला लावला.

त्याच आठवड्यात कारखान्यातली लाईट गेली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. घरी आले तर दार उघडं. अक्का फरशीवर फतकल मारून बसलेल्या, माझी गादी भिंतीला उभी, आणि त्या सुईने दिवाणाच्या सांध्यातून काहीतरी उकरून वाटीत पाडत होत्या.

मी ओरडले, ‘‘चोरासारख्या येता आणि वर माझ्याच दिवाणात ढेकूण सोडता? खोली पाहिजे तर तोंडाने मागा ना!’’

अक्कांनी आधी उठून दार लावलं. मग वाटी माझ्या नाकासमोर धरली. पाण्यात वीसेक तरी तरंगत होते.

‘‘मी सोडले तर मी काढतेय कशाला? हळू बोल. खाली भाभीले ऐकू गयं तर तू आजच रस्त्यावर.’’

‘‘मग मला सांगितलं का नाही?’’

‘‘इचारं नही का नळवर? घामोळ्या म्हणे! खोटं कसाले बोलनी?’’ त्यांचा आवाज चढला आणि त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. ‘‘तू कबूल होईना. मधे एकच भिंत. तू लपवशील आणि ते माझ्याकडे येतील. म्हणून आले. आणि खोली पाहिजे होती, ते खरं शे. भाचीसाठी इचारं मी. पण तुले ढेकणांनी काढून ती खोली मला नको.’’

मी खाली बसले. वाटीत बघत विचारलं, ‘‘आले कुठून हो मग?’’

अक्कांनी दिवाणाच्या फळीमागचा जुना रेक्झिनचा तुकडा टरकन ओढला. मागे काळी रांग, पांढरी अंडी, सालपटं. हा दिवाण धुळ्याच्या जुन्या बाजारातून मीच आणला होता. नवरा नको म्हणत होता. त्याची नक्षी बघून मी हट्ट केला, आणि तो ट्रकमध्ये टाकून घेऊन आला. एवढे दिवस मी रिक्षा, कारखाना, नवरा, अक्का सगळ्यांना तपासलं. ज्यावर मी झोपत होते, ते तपासायचं मला सुचलं नाही.

पुढचं सगळं अक्कांनी शिकवलं. फवारा मारायचा नाही म्हणाल्या, ‘‘बंद खोलीत ढेकणांआधी तूच पडशील.’’ दिवाण खोलून सांध्यांत उकळतं पाणी ओतलं. चादरी, अभ्रे, साड्या उकळत्या पाण्यातून काढल्या. भिंतीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या. वर चढणारे ढेकूण पाण्यात पडावेत म्हणून दिवाणाच्या पायांखाली वाट्या परत गेल्या. राहिली गादी. तिला नुसतं ऊन दाखवून भागत नाही, किडे आतल्या कापसात दडतात. अक्कांच्या भावाची शिरपूरकडे केळी आहे, तिथला केळीच्या वाफ्यांवर अंथरायचा काळा प्लास्टिकचा मल्चिंग पेपर त्यांच्याकडे पडलेला होता. त्यात गादी घट्ट बांधायची, चिकटपट्टी लावायची, आणि मेच्या उन्हात चार दिवस उलटसुलट भाजायची.

पण ऊन गच्चीवर, आणि मेमध्ये आमची गच्ची बिबड्यांची असते. ज्वारीच्या शिजवलेल्या घाट्याचे हे पापड खानदेशात घरोघरी होतात. आमच्याकडे गल्लीतल्या बायकांचं ते एकेकीच्या पाळीने चालतं. आज हिचे, उद्या तिचे, आणि सगळ्या जणी सकाळी थापायला हजर. तिथे काळ्या कागदात बांधलेली गादी नेली की कुणीतरी विचारणारच.

‘‘तू गप्प राहा. मी बघते,’’ अक्का म्हणाल्या.

सकाळी आम्ही दोघींनी गादी वर नेली. पाच-सहा बायका ओल्या कापडावर बिबडे थापत होत्या. भाभी पातेल्याशी बसून घाटा चाखत होत्या.

‘‘अक्का, हे मढं कोणाचं बांधलं व?’’ एकीने विचारलं.

‘‘मन्ही गादी शे,’’ अक्का शांतपणे म्हणाल्या. ‘‘मन्ह्या घरमा ढेकून व्हयनात.’’

थापणारे हात थांबले. एक म्हणाली, ‘‘या वयात रक्त पाजायला तुम्हाला ढेकूणच भेटले का?’’ सगळ्या हसल्या, पण हसता हसता दोघींनी आपलं कापड दुसऱ्या कोपऱ्यात ओढून नेलं. भाभींनी चमचा खाली ठेवला. ‘‘अक्का, तुम्ही असून असं?’’ त्या म्हणाल्या. ‘‘जुन्या आहात म्हणून बोलत नाही. महिन्याभरात निपटवा, आणि कुणाच्या घरात जाऊ नका तोवर.’’

अक्कांचा हाच अंदाज होता. त्यांना भाभी काढणार नाहीत, मला काढतील. मी गादीचं टोक धरून उभी होते. माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. भाभी समोर होत्या. मी म्हटलं नाही.

आठवड्याने अक्कांची पाळी होती. एकीचं डोकं दुखत होतं, एकीकडे पाहुणे आले होते, बाकीच्यांनी कारणही दिलं नाही. गच्चीवर अक्का, पातेलंभर घाटा आणि मी. मला थापता येईना, माझा प्रत्येक बिबडा एकीकडून जाड, एकीकडून फाटलेला. अक्का बघत होत्या. ‘‘हा कोकणाचा किनारा थापलास का?’’ म्हणाल्या, आणि हसल्या. ऊन चढलं तसं त्यांनी राहिलेला घाटा दोन ताटल्यांत वाढला, वर तेल सोडलं. आम्ही टाकीच्या सावलीत बसून खाल्ला. एवढ्या ज्वारीचे बिबडे दरवर्षी त्यांच्या भावाच्या घरीही जायचे, त्या वर्षी गेले नाहीत.

दहा दिवसांनी बारीक, फिकट पिल्लं परत दिसली. अंड्यांतून निघतातच, अक्का म्हणाल्या. उकळतं पाणी पुन्हा, गादी पुन्हा वर. दीड महिना दर रविवारी दोघींनी बॅटरी घेऊन शिवण न् शिवण पाहिली. शेवटी सलग चार रविवार काही सापडलं नाही. भाचीला खोली पुढच्या गल्लीत मिळाली.

शंका मात्र माझ्यातून गेली नाही. लग्नाला गेले तरी मी गादीवर बसत नाही, प्लास्टिकची खुर्ची शोधते. जुन्या बाजाराकडे मान वळवत नाही. बायका अजून अक्कांच्या हातचं घेताना क्षणभर थांबतात, ते मी बघते, आणि तेव्हाही माझी जीभ हलत नाही. खोली भाभींची आहे आणि मला ती हवी आहे.

अक्का, आम्ही दुसरीकडे घर बघतोय, जिथे मला कुणी काढू शकणार नाही. मिळालं की बिबड्यांच्या दिवशी मी त्या गच्चीवर येईन, भाभींसमोर आणि सगळ्यांसमोर सांगेन, की ढेकूण माझे होते. मग तुमच्या पाळीची ज्वारी मी भिजत घालीन, आणि थापायला त्या सगळ्यांना मी स्वतः दारोदार जाऊन घेऊन येईन.