शेरूच्या नावाने

वनिता राहनाळच्या एका गोदामात हाउसकीपिंगला आहे. टेमघरहून रिक्षाने अंजूरफाटा आणि तिथून पुढे पायी. नऊ ते सहा ड्युटी. वरच्या मजल्यावरचं ऑफिस झाडायचं, पुसायचं, साहेबलोकांना चहा द्यायचा आणि जेवणं झाली की टेबलं आवरायची. सात वर्षांत तिने कधी न सांगता खाडा केला नाही आणि गेटवर तिच्या पिशवीत कधी काही सापडलं नाही. स्वतःबद्दल एवढी एक गोष्ट ती मान वर करून सांगायची.

घरी नवरा मिथुन, तो टेम्पो चालवतो आणि आठवड्यातले चार दिवस बाहेर असतो. शिवाय सासरे बाळाराम. ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, मूळचे अंबाडीकडच्या खेड्यातले. गेल्या डिसेंबरात त्यांना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. डॉक्टरांनी सांगितलं, पातळ आणि ताकदीचं काहीतरी पोटात जाऊ द्या. वनिताने तीनदा कोंबडीचं सूप करून पाहिलं. बाळाराम दोन चमचे घ्यायचे आणि वाटी सरकवायचे. या बॉयलर कोंबडीला औषधाचा वास येतो म्हणायचे. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता.

चोवीस तारखेला ऑफिसात नाताळची पार्टी झाली. परदेशातून कंपनीचे दोन पाहुणे आले होते, म्हणून मुंबईच्या हॉटेलातून एक अख्खा भाजलेला टर्की मागवला होता. वनिताने एवढा मोठा पक्षी ताटात कधी पाहिला नव्हता. पाहुण्यांनी कापून घेतला, साहेबांनी थोडा चाखला. बाकीच्यांत निम्मे शाकाहारी आणि उरलेल्यांनी त्या अनोळखी पक्ष्याकडे लांबूनच पाहून बिर्याणी वाढून घेतली. पार्टी आटोपली तेव्हा मोठ्या ट्रेमध्ये त्याचा सांगाडा उरला होता, एक तंगडी जशीच्या तशी, पाठीला, मानेला भरपूर मांस. नियम असा होता की उरलेलं अन्न बाहेर न्यायचं नाही, ओल्या कचऱ्यात टाकायचं.

तिने ट्रे उचलला आणि कचऱ्याच्या डब्यापाशी गेली. वास असा होता की तिला सासऱ्यांची वाटी आठवली. पँट्रीत कोणी नव्हतं. तिने दोन पिशव्या एकात एक घातल्या, सांगाडा त्यात बसवला आणि आपल्या डब्याच्या पिशवीत खाली ठेवला. पैसे नव्हते म्हणून नेलं असं तिला सांगता आलं असतं तर पुढे बरं झालं असतं. पण तसं नव्हतं. त्या दिवशी तिच्याकडे कोंबडी घेण्यापुरते पैसे होते.

गेटवर बायकांच्या पिशव्या ठकुबाई तपासायची. तीही टेमघरचीच. तिने पिशवी उघडली आणि हात मागे घेतला. तेवढ्यात ॲडमिनची मेघाली मॅडम स्कूटी काढायला तिथे आली. ही तिशीच्या आतली मुलगी, वज्रेश्वरीजवळच्या शेतकरी घरातली, बोलायला गोड. तिने विचारलं, काय झालं. मागे घरी जाणाऱ्या सात-आठ बायका रांगेत उभ्या होत्या.

वनिताच्या तोंडून निघून गेलं, "कुत्र्यासाठी नेतेय, मॅडम. फेकायचंच होतं."

मेघालीचा चेहरा एकदम मऊ झाला. तिला कुत्र्यांचं फार. नाव काय म्हणून तिने विचारलं. वनिता म्हणाली, शेरू. मेघालीने ठकुबाईला सांगितलं, जाऊ दे त्यांना.

घरी येऊन तिने आधी सगळं मांस सोडवून बाजूला ठेवलं. लोण्याने माखलेली कातडी काढून टाकली. हाडं बत्त्याने ठेचली आणि कुकरमध्ये घातली. गॅसवर सालीसकट भाजलेला कांदा, आल्याचा मोठा तुकडा, मूठभर लसूण, मिरे, हळद, कोथिंबिरीचे देठ. मीठ घालायला गेली आणि थांबली, बोट लावून पाहिलं तर पक्षी आधीच खारवलेला होता. चार शिट्ट्या झाल्यावर आच बारीक करून अर्धा तास ठेवलं. मग गाळलं, वर आलेली चरबी चमच्याने काढली, मांसाचे बारीक धागे आणि दोन चमचे मऊ भात त्यात सोडला आणि शेवटी लिंबू पिळलं.

बाळाराम एक वाटी प्यायले आणि वाटी पुढे केली. दुसरीही प्यायले. कपाळावर घाम आला, तो त्यांनी पंच्याने पुसला.

"कसली कोंबडी हाय ही?" त्यांनी विचारलं.

वनिता म्हणाली, परदेशी कोंबडी आहे, कंपनीने नाताळचं सगळ्यांना वाटलं. ते ऐकून म्हातारा खुलला. तीन दिवस त्या सुपावर जेवला, तिसऱ्या दिवशी भाकरी मागून घेतली. जानेवारीत विहारात जायला लागल्यावर त्यांनी तिथे सांगितलं, की माझ्या सुनेची कंपनी कामगाराला मान देते, साहेब जे खातात तेच बाईला घरी देतात. वनिता बायकांच्या बाजूला बसली होती. लोकांनी तिच्याकडे वळून पाहिलं. ती चटईचा सुटलेला धागा ओढत राहिली.

ऑफिसात वेगळंच चाललं होतं. मेघाली दोन-चार दिवसांनी शेरूची चौकशी करायची. त्याला टर्की आवडला का, रंग कसा आहे, वय काय. वनिताने सांगितलं, तपकिरी आहे, म्हातारा झालाय. फोटो मागितला तेव्हा मोबाइल बिघडलाय म्हणाली. हेल्पर पोरंही विचारायला लागली, शेरू कसा आहे. एक खोटं सांभाळायला रोज नवं लागत होतं. दुपारी डबा खाताना तिला वाटायचं, आता मेघालीला सांगावं, की शेरू मेला. पण मग मेघालीला वाईट वाटलं असतं आणि ते वाईट वाटणं वनिताला झेपलं नसतं.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी ऑफिसात जेवण होतं. वनिताने तेव्हा सुट्टी घेतली होती, बाळारामांना रक्ततपासणीला न्यायचं होतं. संध्याकाळी बाळाराम दारात खुर्ची टाकून बसले होते. ठकुबाई ड्युटीवरून येताना थेट त्यांच्याकडे आली आणि एक पिशवी पुढे केली.

"मॅडमनं हाडं दिलीत. शेरूला."

बाळारामांनी विचारलं, कोण शेरू. ठकुबाई म्हणाली, तुमचा कुत्रा. बाळाराम म्हणाले, आमच्याकडं कुत्रा न्हाय. ठकुबाई हसली. तिला वाटलं, म्हाताऱ्याला कळलेलं नाही. तिने सरळ मनाने सगळं सांगितलं, नाताळची ती मोठी कोंबडी वनिताने कुत्र्यासाठी म्हणून नेली, वज्रेश्वरीकडची मॅडम समोर होती, मॅडमनेच सोडलं. वनिता पदराला हात पुसत बाहेर आली तेव्हा शेवटचं वाक्य चाललं होतं. तिचा चेहरा पाहून ठकुबाईला उमगलं. तिने पिशवी पायरीवर ठेवली आणि निघून गेली.

बाळाराम उठून आत आले आणि कॉटवर बसले. वनिता मागोमाग आली.

"ताटातलं होतं?"

"न्हाय, बाबा. ट्रेमधलं होतं. कुनी तोंड लावलं नव्हतं."

"सूप चांगलं होतं," ते म्हणाले. "ते मी न्हाय म्हनत न्हाय. मला त्यानंच उठवलं. पन तू मला काय म्हनून पाजलंस?"

वनिताने दार लोटून घेतलं. ते पुढे म्हणाले,

"ती मॅडम ज्या बाजूची हाय ना, त्या बाजूच्या घरांच्या मागल्या दारी माझी आई उभी रायलेली हाय, टोपली घेऊन. माझ्या बापानं ती टोपली जाळली. आमी उपाशी झोपलो, पन पुन्हा कुनाचं उरलेलं घरात आलं न्हाय." ते थांबले. "आई निदान सोताच्या नावानं मागायची."

एवढंच बोलले. आवाज चढला नाही. पुढचे दोन दिवस तिने वाढलेलं ते जेवले, पण जेवताना तिच्याकडे पाहिलं नाही आणि आपली वाटी स्वतः धुतली. वनिताला ती वाटी नळाखाली वाजलेली ऐकवेना. मिथुनचा फोन आला तेव्हा ती सगळं ठीक आहे म्हणाली.

तिसऱ्या दिवशी ती मेघालीच्या टेबलापाशी गेली.

"मॅडम, माझ्याकडे कुत्रा नाही. ते मी घरी नेलं होतं. सासऱ्यांना सूप करून दिलं."

मेघालीला आधी हसू आलं, मग ते विरलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ठकुबाईबरोबर पाठवलेली हाडांची पिशवी तिला आठवली असावी.

"वनिताताई, मग तेव्हाच सांगायचंत ना. मी दिलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं," वनिता म्हणाली, आणि कप उचलून पँट्रीत गेली. तिथे नळ सोडून तिने तो कप विसळायला घेतला.

त्यानंतर मेघालीने तिला कधी काही विचारलं नाही. चहा घेताना ती स्क्रीनकडेच पाहायची. वनितालाही ते बरं वाटायचं. पण ज्यांना माहीत नव्हतं ते हेल्पर विचारतच राहिले, की शेरू काय म्हणतो. प्रत्येकाला ती सांगायची, शेरू नव्हताच, मी खोटं बोलले होते. काहीजण हसायचे, काही आपल्या कामाला लागायचे. दर वेळी कानशिलं तापायची. पहिल्यापेक्षा दहाव्या वेळी कमी तापतील असं तिला वाटलं होतं, तसं झालं नाही.

घरी तिने बाळारामांना सांगितलं, मॅडमला खरं सांगून आले. त्यांनी मान हलवली.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर बाळाराम उठून उभे राहिले. ते म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो होतो, कंपनीनं वाटलं म्हनून. तसं न्हवतं. उरलेलं होतं. माझ्या सुनेनं माझ्यासाठी उचलून आनलं आन् मी ते पिऊन बरा झालो. खोटं तिनं सांगितलं, पन मिरवलं मी. म्हनून माझं मी मागं घेतो." आणि खाली बसले.

एक म्हातारी खोकली. वनिताने मान वर केली नाही. तिच्यापुढे दोन हात चटई होती आणि तेवढीच जागा तिला पाहायला पुरेशी होती. सगळ्यांसमोर सांगितलं गेलं म्हणजे मन मोकळं होतं असं ती ऐकून होती. तिला फक्त तिथून उठून घरी जावंसं वाटत होतं.

परत येताना दोघं रस्त्याच्या कडेने सावकाश चालले. बाळारामांचे पाय अजून पुरते भरले नव्हते. नाक्यावर ते दम खायला थांबले.

"तो पक्षी जिता असतो तेवा दिसतो कसा?"

वनिताला माहीत नव्हतं. तिने मोबाइल काढला आणि शोधून एक फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर सरकवून तो नीट पाहिला.

"गळ्याखाली काय लोंबतंय ह्याच्या?"

"कोन जाने," ती म्हणाली. तिच्या ओठांवर हसू येत होतं, पण तिने ते येऊ दिलं नाही. बाळारामांनी मोबाइल परत दिला आणि रस्ता ओलांडताना तिच्या खांद्यावर हात ठेवला.