स्लाइड बघणारे काका

“हिसडू नको गं बाय, रक्त आहे ते, ताक नव्हे,” असं म्हणत काका माझ्या हातातली नळी घ्यायचे आणि सावकाश आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायचे. माणगावच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये मी रक्त घ्यायची, काका ते तपासायचे; सगळेच त्यांना काका म्हणत.

तुम्हीही कधी सीबीसी केली असेल. मिनिटभरात आकडे येतात. मशीन थेंबभर रक्त ओढतं, पातळ करतं आणि एका बारीक छिद्रातून एकेक पेशी सोडतं. छिद्रातून विजेचा प्रवाह चालू असतो. पेशी गेली की तो क्षणभर अडतो, तेवढ्यावरून मशीन पेशी मोजतं, लहानमोठी ठरवतं. काका हे कुणालाही समजावून सांगायचे. वर म्हणायचे, “पण ते नुसतं चाचपतं. डोळे आपल्याला आहेत.”

एकदा श्रीवर्धनकडच्या एका गरोदर कोळणीच्या प्लेटलेट फारच कमी आल्या. डॉक्टर तिला मुंबईला पाठवायला निघाले. सासू रडकुंडीला आली. “माजी सून वाचंल ना वो?”

काकांनी तिच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरला आणि ती स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरली. रक्त गोठू नये म्हणून नळीत असलेल्या औषधामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या होत्या, म्हणून मशीनला त्या मोजताच आल्या नव्हत्या. वेगळ्या औषधाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं, आकडा नीट आला.

“काय न्हाय झालेलं. घरी न्या तिला,” काका सासूला तिच्याच बोलीत म्हणाले.

सासूने दुसऱ्या दिवशी सुके बोंबील आणून दिले. काकांनी ते सगळे मलाच दिले. बायको गेल्यापासून ते खानावळीतच जेवत. घरी दुसरं कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी ते दमू लागले. अंगावर निळे डाग दिसायला लागले. एका दुपारी त्यांनी स्वतःचाच हात पुढे केला. “घे.”

मशीनने आकड्यांपुढे धोक्याच्या खुणा टाकल्या.

“गुठळ्या असतील, काका,” मी घाईघाईने म्हटलं.

मायक्रोस्कोपला डोळा लावून ते बराच वेळ स्वतःची स्लाइड बघत बसले. मग उठून त्यांनी मला जागा दिली. खाली मोठ्या, कच्च्या पांढऱ्या पेशी होत्या, रक्ताच्या कॅन्सरमध्ये दिसतात तशा. जिकडे बघावं तिकडे त्याच.

“मशीन बरोबर आहे,” ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटची नळी उचलली.

मुंबईला ते एकटेच गेले. मला येऊ दिलं नाही. काही आठवड्यांनी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला.

“लगेच या. तुम्ही त्यांच्या कोण?”

“आम्ही एकत्र काम करतो.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “इथे तर मुलगी लिहिलंय.”

मी पोचले तेव्हा ते गेले होते. त्यांना ताब्यात घेण्याच्या कागदावर मी सही केली आणि नात्याच्या रकान्यात तेच लिहिलं.